वडील हयात, सांभाळ नाही

गुंजवणे, धनगरवाडा
१९ जानेवारी २०२५

शिवानीच्या बाबांना,

हे पत्र हनुमंत भावजींच्या हातून येतंय. मी नसरापूरला शिलाईच्या कारखान्यात जाते, तिथं ते इचलकरंजीहून कापडाचे तागे घेऊन येतात. त्यांच्याकडूनच कळलं की तुम्ही तिकडं मागावर कामाला आहात. तुमचा नवा नंबर मागितला तर म्हणाले, "वहिनी, नंबर द्यायचा न्हाई म्हणून त्यानं शपथ घातलीय. कागद दिला तर पोचवीन." म्हणून कागद.

घाबरू नका. या म्हणून लिहीत नाही आणि पैसेही मागत नाही. एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी, एवढंच.

मी सरकारकडं अर्ज केलाय. बालसंगोपन योजना म्हणतात. ज्या लेकराला आई-बापांपैकी एकटंच कुणीतरी वाढवतंय, त्याच्या सांभाळासाठी महिन्याला मदत मिळते. मला वाटायचं, ही विधवांसाठी असेल. अंगणवाडीच्या राजनंदिनीताई म्हणाल्या, तसं नाही. नवरा हयात आहे पण सोडून गेलाय, अशा बाईच्या लेकरालाही मिळू शकते. फक्त तसं लिहून द्यावं लागतं, मग घरी चौकशी होते, मग पुण्याला समितीपुढं लेकराला घेऊन जायचं.

तर मी तसं लिहून दिलंय. खोटं काही लिहिलेलं नाही.

का, ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा शिवानी झोळीत होती. आता चौथं वर्ष लागलंय, एका जागी ठरत नाही. तुमच्या आईला मी अजून आत्याच म्हणते. त्या सकाळी शेळ्या आणि म्हैस घेऊन रानात जातात, पोरगी त्यांच्या मागं असायची. दिवाळीनंतर एकदा आत्या वाट चुकलेलं करडू आणायला वर चढल्या, तेवढ्यात शिवानी उतरून धरणाच्या पाण्यापर्यंत गेली. मासे धरणाऱ्या एका बाबानं तिला गुडघाभर पाण्यातून उचलून आणलं. आत्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांचं वय झालंय, डोळ्यांनी लांबचं दिसत नाही, त्यात जनावरं. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि मी घरी येते दिवेलागणीला.

म्हणून नसरापूरला एक काकू पाळणाघर चालवतात, तिथं शिवानीला ठेवते. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी जातो. काकू चांगल्या आहेत, पण त्यांना देऊन आणि एसटीला घालून पगाराचं काही उरत नाही. कारखान्यातल्या बायका म्हणतात, मग कशाला करतेस नोकरी? नोकरी सोडली तर पुन्हा शेळ्यांमागं पोरगी आणि पोरीमागं पाणी.

आत्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

— वर्षाराणी


गुंजवणे
२३ फेब्रुवारी २०२५

शिवानीच्या बाबांना,

पत्र पोचलं असं भावजी म्हणाले. तुम्ही वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं, असंही म्हणाले.

इकडं चौकशी झाली. भोरच्या शुभ्रा मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. गाडी खाली गावात लावून चालत वर आल्या, घामाघूम झाल्या होत्या. आत्यांनी त्यांना ताक दिलं. कोण, कशाला आल्यात, ते आत्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगायचं सांगायचं म्हणत राहिले होते आणि मॅडम सांगितलेल्या दिवसाच्या आधीच आल्या.

मॅडमनी घर पाहिलं, शिवानीशी बोलल्या, मग आत्यांना विचारलं, "आजी, तुमचा मुलगा कुठं असतो?"

आत्या म्हणाल्या, "कामावर गेलाय."

"घरी येतो का?"

"येतो की."

"शेवटचा कधी आला होता?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "सणावाराला येतो. पोरीला खाऊ आणतो. कापडं आणतो."

मी उठले. मॅडमना मागं ओट्यावर घेऊन गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर्षाराणी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण घरातलं मोठं माणूस म्हणतंय की तो येतो, खाऊ-कपडे आणतो. मी जे ऐकलं ते लिहिणार. आजींनी जबाब बदलला तर मी पुन्हा येईन. नाहीतर अर्ज पुढं जाणार नाही."

त्या गेल्यावर आत्यांनी विचारलं, "कोण व्हती ती?" मी सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते वाडीनं ऐकलं. आत्या म्हणाल्या, "माझ्या घरात बसून माझ्या लेकाला बेपत्ता करतीस व्हय? आज टाकली म्हणून लिवतीस, उद्या त्यो मेला म्हणून लिवशील."

मी म्हणाले, "मी लिहिलं म्हणून टाकली का? त्यांनीच टाकलंय."

"कोन म्हंतं? माणूस कामाला जातं, अडकून पडतं. माझा बाप मेंढरं घेऊन आठ-आठ म्हयनं यायचा न्हाई. माझ्या आईनं कागूद केला न्हाई त्याचा."

"आत्या, तुमचे वडील परत यायचे."

यावर त्या उठून म्हशीकडं गेल्या. तेव्हापासून बोलत नाहीत. भाकरी करून ठेवतात, शिवानीला न्हाऊ घालतात, माझ्याशी मात्र एक शब्द नाही. एकाच घरात दोघी, आणि निरोप शिवानीच्या तोंडून. "आजी म्हनली मीठ संपलंय."

तुमच्याकडून एकच पाहिजे. एक ओळ लिहून द्या, की मी त्यांच्याजवळ राहत नाही. बाकी काही लिहू नका. कारण लिहू नका, माफी नको. तुमचं अक्षर दाखवलं तर आत्यांना पटेल असं मला वाटतं. आणि त्यांना खोटं बोलावं लागणार नाही. त्यांच्या वयाला ते शोभत नाही, आणि तुमच्यासाठी त्या ते करताहेत.

— वर्षाराणी


गुंजवणे
१६ मार्च २०२५

शिवानीच्या बाबांना,

तुमचा निरोप मिळाला. लिहून काही आलं नाही, भावजींनी तोंडीच सांगितला: "अर्ज मागं घे, माझी गावात शोभा करू नको. यात्रेला येतो, मग बघू."

हा निरोप मी माझ्यापाशी ठेवणार होते. पण भावजी यात्रेचं बोलायला वाडीवर आले तेव्हा त्यांनीच आत्यांना सांगितलं. आत्यांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. मग इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलल्या, "बग. म्या काय सांगत व्हते?"

तेव्हापासून त्या थांबलेल्या नाहीत. भिंती सारवून घेतल्या. थोरले दीर बिरूदादा भोंगवलीहून आले होते, त्यांच्याकडून पत्र्याचं गळकं बसवून घेतलं. बिरूदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरंच येणाराय का गं?" मी म्हणाले, निरोप तर तसा आहे. ते म्हणाले, "आला तर आला. आईसमोर काही बोलू नगंस." एक बोकड आत्यांनी विकायचं थांबवलंय. शिवानीला शिकवतात, "बाबा आलं की पाया पडायचं, मग खाऊ मागायचा. आदी खाऊ न्हाई."

मी अर्ज मागं घेतलेला नाही. तसाच पडून आहे. शुभ्रा मॅडमना फोन करून सांगितलं की यात्रेपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, थांबते.

यात्रेच्या दिवशी मी सुट्टी काढलीय. कारखान्यात त्या आठवड्यात तसंही काम कमी असतं. एक साडी पिको-फॉल करून ठेवलीय, तीही कारखान्यातल्या सगळ्याच बायका घेत होत्या म्हणून घेतली.

तुम्ही सकाळच्या गाडीनं आलात तर स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरा आणि मार्गासनीला उतरून गावची एसटी घ्या. तिथून पुढची वाट तुम्हाला सांगायला नको. धरणाच्या कडेनं आता डांबरी झालाय रस्ता.

— वर्षाराणी


गुंजवणे
२० एप्रिल २०२५

तुम्ही आला नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी इथं काय झालं ते माहीत नसेल.

आत्या सकाळपासून खाली गावात, एसटी थांबते तिथं जाऊन बसल्या. मी म्हणाले, ऊन आहे, घरी बसा, ते येतील घरी. त्या म्हणाल्या, "लई दिसानं येतोय, लाजंल. म्या संगं असलं की लाजनार न्हाई." पालखी निघाली तरी उठल्या नाहीत. बायका येता-जाता विचारत होत्या, "धोंडाबाई, कुणाची वाट बघतीस?" त्या सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या लेकाची, सिद्धनाथाची."

मी शिवानीला घेऊन देवळात होते. दुपार उलटल्यावर गेले तर आत्या तिथंच. पदर डोक्यावरून खाली ओढलेला. त्यांच्याजवळ हनुमंत भावजी उभे होते, टेम्पोचा दरवाजा उघडाच टाकून. तुम्ही त्यांना फोन केला होता म्हणे, मालक सोडत नाही म्हणून. ते तेवढंच सांगायला आले होते.

आत्या त्यांना म्हणाल्या, "हनम्या, तुला म्या दूध पाजलंय. तुजी आय आजारी व्हती तवा. खोटं बोलू नगं. तिकडं त्याचं घर हाय का?"

भावजी टेम्पोकडं बघायला लागले.

"बाई हाय?"

भावजींनी मान डोलावली.

बाईचं मला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. तिच्याबद्दल मी तुम्हाला या पत्रांत विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

मग आत्यांनी विचारलं, "प्वार?"

भावजी म्हणाले, "हाय काकी. मुलगा हाय. चालायला लागलाय."

"ह्यो बगतो का त्याला?"

भावजी बिचारे. त्यांना वाटलं, बरं सांगितलं तर म्हातारीला बरं वाटेल. म्हणाले, "व्हय काकी, लई जीव हाय त्याचा पोरावर. रातपाळी करून आला तरी दिवसा सांभाळतो. ती बाई बी कामाला जाती ना. न्हाऊ घालतो, भरवतो. खांद्यावर घिऊन फिरतो गल्लीभर."

आत्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. माझ्या कडेवर शिवानी होती. तिला पिपाणी पाहिजे होती, ती रडत होती.

आत्या म्हणाल्या, "म्हंजी येतं की त्याला."

एवढंच. मग उठल्या. गुडघे धरले होते, मी हात दिला, त्यांनी घेतला. शिवानीला पिपाणी घेऊन दिली. वाटेत कुणी विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई आला."

घरी आल्यावर मी साडी बदलली. बोकड बिरूदादांनी दुसऱ्या दिवशी बाजारात नेलं.

मला वाईट कशाचं वाटलं ते लिहिते, कारण हे लिहायला दुसरं कुणी नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी लोकांना सांगायचे, त्यांना लेकराची जबाबदारी झेपली नाही. पुरुषांना नाही झेपत. असं म्हटलं की जरा सोपं जायचं. आता तेही म्हणता येत नाही.

— वर्षाराणी


गुंजवणे
२९ जून २०२५

शिवानीच्या बाबांना,

आम्ही पुण्याला समितीपुढं जाऊन आलो.

यात्रेनंतर एक दिवस आत्या मला म्हणाल्या, "त्या बाईला बोलाव." शुभ्रा मॅडम परत आल्या. आत्यांनी त्यांना सांगितलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले, आता खरं लिहा. मॅडमनी जबाब घेतला, वाचून दाखवला. त्यात 'मुलगा बेपत्ता' असा शब्द होता, तो आत्यांनी काढायला लावला. "बेपत्ता कसा? पत्ता ठावं हाय की." मॅडम हसल्या आणि खोडला. म्हणाल्या, तारीख आली की आईनं मुलीला घेऊन यायचं, आजी नाही आल्या तरी चालेल. आत्या म्हणाल्या, "म्या येनार."

तुम्हाला माहीत आहे, त्या कधी नसरापूरच्या पुढं गेलेल्या नाहीत. एसटीत त्यांना उलटी झाली. स्वारगेटला उतरल्यावर माझा दंड सोडला नाही. पण कचेरीत शिरताना पदर नीट केला आणि माझ्यापुढं चालायला लागल्या.

आत आमच्यासारख्या पुष्कळ होत्या. एक बाई दोन जुळी घेऊन आलेली, एक म्हातारा नातवाला घेऊन. शिवानीनं त्या मुलाबरोबर बाकड्याखाली घर मांडलं. आमचं नाव पुकारल्यावर तिला ओढून काढावं लागलं.

टेबलामागं तिघं-चौघं होते. ओरडून कुणी बोललं नाही. मला विचारलं, काय काम करता, मुलीला कुठं ठेवता, मारता का, शाळेत घालणार का. मग मधल्या बाईंनी शिवानीला जवळ बोलावून विचारलं, "बाळा, तुझे बाबा कुठं आहेत?"

आता ही काय सांगते म्हणून मी तिच्याकडं बघितलं. तिला यात्रेआधी शिकवलेलं होतं ना, बाबा आले की पाया पडायचं.

शिवानी म्हणाली, "मला म्हाईत न्हाई. आजीला इचारा."

सगळ्यांनी आत्यांकडं पाहिलं. त्या बाई म्हणाल्या, "आजी, बसूनच सांगा." आत्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या:

"माझा ल्योक जित्ता हाय. त्याला मेला म्हणून कुनी लिवायचं न्हाई. त्यो चोर न्हाई, दारुडा न्हाई. पर ह्या पोरीचा सांभाळ त्यो करत न्हाई. दुसरीकडं प्वार हाय त्याचं, तितं करतो. हितं न्हाई करत. म्या आय हाय त्याची, म्या सांगते. लिवा."

एका साहेबांनी विचारलं, "आजी, उद्या तो परत आला तर?"

"आला तर आला. म्या भाकरी घालीन, माझा ल्योक हाय. पर म्हणून हिची भाकर आज थांबवू नगा."

ते लिहून घेणारे होते त्यांनी कागदावर लिहिलं: वडील हयात, सांभाळ नाही. मोठ्यानं वाचलं आणि आत्यांना विचारलं, बरोबर? आत्या म्हणाल्या, "बराबर." अंगठा दिला. शाई पुसायला त्यांनी कापूस पुढं केला तर आत्यांनी तो घेतला नाही, पदरालाच पुसली.

बाहेर आल्यावर त्या भिंतीशी बसल्या आणि रडल्या. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "म्या त्याचं नाव खराब केलं का गं?"

मी म्हणाले, "नाही आत्या. तुम्ही त्यांना चोर नाही म्हणालात, दारुडे नाही म्हणालात. सगळं खरंच बोललात."

"माझ्या जागी तू असतीस तर काय लिवायला सांगितलं असतंस?"

मी त्यांना हात देऊन उठवलं. शिवानीला भूक लागली होती, आम्ही वडापाव घेतले आणि परत आलो.

— वर्षाराणी


गुंजवणे
१२ ऑक्टोबर २०२५

शिवानीच्या बाबांना,

मंजुरी आली. शुभ्रा मॅडमनी फोन करून सांगितलं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही, काही वेळा थांबून एकदम येतात, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. दरवर्षी पुन्हा चौकशी होईल, ती होऊ दे. पाळणाघराच्या काकूंना मी सांगितलंय, उशीर झाला तर सांभाळून घ्या. त्या म्हणाल्या, घेईन. आता माझा पगार माझ्या हातात राहील थोडा. आत्यांचे डोळे तपासून आणलेत, मोतीबिंदू आहे. थंडीत भोरला ऑपरेशन करायचं ठरलंय, बिरूदादा त्या दिवसांत शेळ्या बघतील.

शिवानीला पाळणाघरात गाणी शिकवतात. ती आत्यांना शिकवते. आत्यांना ती येत नाहीत, चुकल्या की ही पाटीवर छडी मारते. एवढ्यातच आजीवर गेलीय ते दिसतंय.

हनुमंत भावजी विचारत होते, वहिनी, यापुढंही पत्र देणार का? मी म्हणाले, हे शेवटचं. सांगायचं होतं ते झालं. तुम्हाला शिवानीला बघायला यायचं असेल तर या. ती तुमची मुलगी आहे, कागदावरही तसंच लिहिलंय. आधी कळवून या. आत्यांना पुन्हा एसटीपाशी बसवू नका.

हे पत्र लिहिताना आत्या चुलीपाशी आहेत. मी विचारलं, तुमचा काही निरोप लिहू का? त्या आधी नको म्हणाल्या. मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लिव. म्हणावं, तिकडच्या लेकराला टाकू नगं."

मी लिहून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आनि त्याचं नाव काय ठेवलंय ते इचार."

तर विचारलंय.

— वर्षाराणी